पपईचा चीक

एखाद्या वस्तूवर ‘रासायनिक’ असा शब्द छापलेला दिसला कीं सुशिक्षित माणूस दोन पावलें मागें सरतो. आणि तिच्याच शेजारीं ठेवलेल्या दुसऱ्या वस्तूवर एखाद्या फळाचें चित्र दिसलें कीं तोच माणूस निःशंक मनानें ती तोंडाला लावूं लागतो. फळाविषयींची आपली ही भाबडी निष्ठा मला मोठी कौतुकाची वाटते. जें झाडाला लागतें, देवाला नैवेद्य म्हणून चालतें आणि आजाऱ्याला पथ्य म्हणून देतां येतें, तें अपाय कसा करील, असा हा साधा हिशेब आहे. हिशेब सोपा खरा. पण ज्यांचा जन्म फळांच्या बागांत गेला त्यांना तो पटेलच असें नाहीं.

आम्ही रत्नागिरीकर मंडळी आंब्याच्या जिवावर जगतों, असें घाटावरचे लोक थट्टेनें म्हणतात. २०१८ सालीं कोंकणच्या हापुसाला भौगोलिक मानांकनाची सरकारी मोहोरही मिळाली. परंतु ज्या फळाचें एवढें कौतुक, त्याच्या देठाशीं काय असतें तें येथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतें. आंबा देठापासून तुटला कीं तेथून चिकाची चिळकांडी उडते. हा चीक आंब्यावर ओघळला तर सालीवर काळा डाग पडतो. माणसाच्या ओठाला, गालाला लागला तर तेथें फोड उठतो आणि पुढें कितीतरी दिवस वण राहतो. म्हणूनच जाणता गडी आंबा देठासकट उतरवितो, आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठानें काढलेला ‘नूतन झेला’देखील देठ राखूनच आंबा तोडतो. काजूचीही तीच गत. ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात एकदां जवळून पाहावे. टरफलांतील तेलानें त्यांच्या बोटांचीं सालें निघतात. हाताला खोबरेल चोपडून अथवा राख लावून त्या कशाबशा आपली कातडी राखतात. आंबा, काजू आणि बिब्बा हीं तिन्ही झाडें वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें एकाच कुळांतलीं आहेत, हें कळल्यावर तर बिब्ब्याला भिणारा माणूस आंब्यालाही थोडा वचकून राहील.

हें सगळें आठवण्याला निमित्त झालें एका बाटलीचें. गेल्या वर्षीं वैशाखांत माझी पुतणी मुक्ता पुण्याहून सुटीला घरीं आली. तिच्या कपाळावर आणि गालांवर बारीक खरखर आली होती. हात फिरविला तर पॉलिशच्या कागदासारखें लागे. मुंबईच्या वन्सं, म्हणजे तिची आत्या, ह्यांनीं तिच्यासाठीं एक बाटली पाठविली होती. आंत पांढरें, पिठासारखें चूर्ण. आणि ‘पपई व अननस यांच्या विकरांनीं त्वचेवरील मृत पेशी दूर होतात’ अशी वर ग्वाही. मागोमाग फोनवर निरोपही आला : “ज्येष्ठांत पाहुणे मुक्तेला पाहायला यायचे आहेत. तोंवर रोज दोन वेळां लाव म्हणावें. रंग उजळेल.” मुक्तेला हवी होती कपाळाची खरखर जायला, वन्संना हवा होता रंग. ह्या दोन इच्छा एका बाटलींत कशा मावणार, हा खरा प्रश्न होता. पण घरांत प्रथम वाद माजला तो पैशाचा.

“अगो, परसांत पपईचीं तीन झाडें उभीं असतांना बाटलीला एवढे पैसे कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “पिकलेली पपई कुस्करून लाव तोंडाला.”

“पिकलेली नको, आई,” जाऊबाईंनीं दुरुस्ती सुचविली. “कच्चीचा चीक लावला म्हणजे लवकर गुण येईल. दोन दिवस झोंबेल, एवढेंच.”

दोन्ही सूचना मायेच्या होत्या; त्यांतली पहिली निरुपयोगी होती आणि दुसरी घातक. मीं तीस वर्षें शाळेंत शास्त्र शिकविलें असल्यामुळें, असा वाद तोंडानें मिटविण्यापेक्षां वाट्यांत मिटवावा अशी माझी खोड आहे. न तापविलेलें गाईचें दूध जरा कोमट करून मीं तें चार वाट्यांत ओतलें. पहिल्या वाटींत पिकलेल्या पपईचा गर घातला. दुसरींत परसांतल्या हिरव्यागार पपईला सुरीनें चीर देऊन निघालेल्या चिकाचे पांचसहा थेंब सोडले. तिसरींत वन्संच्या बाटलींतलें चूर्ण चिमूटभर टाकलें. आणि चवथींत, स्नानघरांत वर्षभर पडून असलेल्या आणि पपईचें चित्र मिरविणाऱ्या एका तोंड धुण्याच्या पातळ साबणाचे चार थेंब. चिकाच्या वाटींतलें दूध बघतां बघतां दह्यासारखें घट्ट झालें. चूर्णाच्या वाटींत थोड्या वेळानें बारीक कण दिसूं लागले आणि पाणी सुटलें. पिकलेल्या पपईचें आणि पातळ साबणाचें दूध मात्र अर्ध्या तासानंतरही जसेंच्या तसें होतें.

“म्हणजे पिकलेली पपई खायचीच,” सासूबाईंनीं निकाल दिला. आणि तो शास्त्राला धरूनच होता.

ही सारी करामत विकरांची. विकर म्हणजे ज्याला आपण बोलतांना एन्झाइम म्हणतों तें द्रव्य. सजीवांच्या शरीरांत ज्या घडामोडी चालतात त्यांना तें वेग देतें आणि स्वतः मात्र खर्चीं पडत नाहीं. पपईच्या चिकांतलें विकर प्रथिनांच्या लांबलचक सांखळ्या मधल्यामध्यें तोडतें. दुधांतलें प्रथिन तुटलें कीं दूध गोठतें. मांसांतले तंतू तुटले कीं मांस लवकर शिजतें, म्हणून मांसाहारी घरांत मटणाला कच्च्या पपईचा तुकडा लावून ठेवण्याची चाल आहे. ह्या विकराला ‘पपेन’ हें नांव फ्रान्समधील व्युर्ट्झ आणि बुशू ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १८७९ सालीं दिलें. त्याच्या रेणूची अंतर्गत रचना १९६८ सालीं हॉलंडमधील शास्त्रज्ञांनीं उलगडून दाखविली. कारखान्यांतही पपेनची ताकद दूध गोठवूनच मोजण्याची पद्धति आहे. माझ्या वाट्या कांहीं जगावेगळ्या नव्हत्या.

हा चीक कच्च्या फळांतच कां असावा, असें मुक्तेनें विचारलें. त्याचेंही उत्तर झाडापाशींच आहे. कोंवळ्या फळांत बिया तयार झालेल्या नसतात. तें फळ कुणीं खाऊं नये म्हणून झाड त्याला चिकाचें संरक्षण देतें. पानाला वा फळाला तोंड लावणाऱ्या अळीच्या पोटांत हें विकर आपलें काम करतें. बिया पक्क्या झाल्या म्हणजे झाडालाच फळ खाल्लें जायला हवें असतें. मग चीक आटतो, साल पिंवळी होते, गर गोड होतो. पिकलेल्या पपईचा गर तोंडाला लावला तर थंडावा येतो, कातडी क्षणभर ओलसर आणि मऊ लागते. पण बाटलीवर जो गुण वर्णिलेला असतो तो त्या गरांत फारसा उरलेलाच नसतो. उलट कच्च्या फळाच्या चिकांत तो एवढा असतो कीं त्याला आवर नाहीं. बाजारांतलें पपेन ह्याच चिकापासून करतात : झाडावरच्या कच्च्या फळाला पात्यानें उभ्या रेघा मारावयाच्या, ठिबकणारा चीक गोळा करावयाचा आणि वाळवून त्याची पूड करावयाची. पुढें ती शुद्ध करून अगदीं मोजक्या प्रमाणांत चूर्णांत मिसळतात. बाटलीचे पैसे पडतात ते फळाचे नव्हेत. त्या मोजण्याचे पडतात.

अननसांत ह्या विकराचें एक भावंड आहे, त्याचें नांव ब्रोमेलेन. सुगृहिणींना तें नांवानें नसलें तरी गुणानें ठाऊक आहे. ताजा अननस दह्यांत अथवा दुधांत घालून ठेवला तर थोड्या वेळानें पदार्थाला कडवटपणा येतो. तोच अननस साखरेबरोबर शिजवून घातला तर येत नाहीं. कारण शिजतांना विकर मरतें. ताजा अननस पुष्कळ खाल्ला म्हणजे जीभ सोलवटते, त्यालाही बव्हंशीं हेंच कारण. आणि ज्या कामगारांना दिवसच्या दिवस अननस कापावे लागतात त्यांच्या बोटांच्या टोकांची कातडी झिजून गुळगुळीत होते, तीही ह्यामुळेंच. विकर हें असें नाजूक आणि तितकेंच तिखट असतें. उष्णतेनें तें मरतें, पाण्यांत फार दिवस राहिलें तर हळूहळू निकामी होतें. म्हणूनच कोरडें चूर्ण टिकतें आणि वर्षभर पडलेल्या पातळ साबणांत चित्राखेरीज पपईचें कांहीं उरत नाहीं.

आतां त्वचेकडे वळूं. आपल्या त्वचेचा अगदीं वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्श्याएवढी. पण तेवढ्यांत पंधरा-वीस पापुद्रे, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात. खालच्या थरांत नव्या पेशी जन्मतात, वर सरकत सरकत चपट्या आणि कोरड्या होतात, आणि शेवटीं नकळत गळून पडतात. तरुणपणीं ह्या प्रवासाला सुमारें चार आठवडे लागतात. वय वाढलें कीं अधिक. हे पापुद्रे एकमेकांना प्रथिनांच्या टांक्यांनीं धरून असतात, आणि ते टांके वेळच्या वेळीं उसविण्याचें काम त्वचेंतलींच विकरें करीत असतात. कांहीं कारणानें तें काम मंदावलें, तर पापुद्रे सांचतात. कातडी निस्तेज दिसते, हाताला खरखरीत लागते. अशा वेळीं फळाचें विकर लावून आपण निसर्गाला नवें कांहीं शिकवीत नाहीं. त्याच्या चालू कामावर एक रोजंदारीचा गडी देतों, इतकेंच.

आपल्या घराण्यांतून चालत आलेलें उटणेंही हेंच काम करतें, पण घांसून. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधीं अंगाला तेल चोळावयाचें आणि मग उटणें लावावयाचें, हा जो क्रम वाडवडिलांनीं घालून दिला त्यांत मोठें शहाणपण आहे. तेलानें कातडी मऊ होते आणि नागरमोथा, कचोरा, वाळा यांची भरड पूड तिला ओरबाडीत नाहीं. तान्ह्या मुलाला डाळीचें पीठ सायींत कालवून लावतात, त्यांतही तोच विचार. परंतु घांसण्याला माप नसतें. हाताचा जोर ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतो. आमच्या लहानपणीं न्हाऊं घालणाऱ्या एका आजीबाईंच्या हातून सुटलें कीं आम्हां मुलांचे गाल टोमॅटोसारखे लाल होत. विकराचें माप हातांत नसून घड्याळांत असतें. तें दोनचार मिनिटें ठेवावें आणि धुवून टाकावें. ज्यांच्या कातडीला घांसणें सोसत नाहीं त्यांना ही रीत मानवण्याचा संभव अधिक. आणखी एक रीत आम्लांची आहे. १९७४ सालीं अमेरिकेंतील व्हॅन स्कॉट आणि यू ह्यांनीं, ऊस, दूध, फळें यांत आढळणाऱ्या कांहीं आम्लांचा खवले धरणाऱ्या त्वचारोगावर होणारा गुण प्रसिद्ध केला. तेव्हांपासून त्यांचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. विकरांपाठीमागें तेवढा पुरावा अजून जमलेला नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. खरखर कमी होणें, कातडी मऊ लागणें, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा धरावी.

आणि ज्याच्या अंगीं गुण त्याच्या अंगीं धारही असतेच. जखमांवरील मृत मांस काढण्यासाठीं पपेनचीं मलमें अमेरिकेंत पुष्कळ वर्षें विकलीं जात होतीं. रुग्णांना तीव्र वावडें येऊन रक्तदाब उतरल्याच्या, नाडी जलद झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हां २००८ सालीं तेथील औषध प्रशासनानें मान्यता नसलेलीं हीं मलमें बाजारांतून काढविलीं. दुसऱ्या बाजूला अननसाच्या खोडांतील विकरांपासून केलेलें एक औषध भाजलेल्या रोग्यांची करपलेली कातडी शस्त्राशिवाय सोडविण्यासाठीं युरोपांत २०१२ सालीं आणि अमेरिकेंत २०२२ सालीं मान्य झालें. जळालेलें तेवढें निघावें आणि जिवंत तेवढें राहावें, हें त्याचें काम. पण तें इस्पितळांत, डॉक्टरांच्या नजरेखालीं, ठराविक वेळ ठेवून करावें लागतें. ज्या फळांच्या रसांत एवढें सामर्थ्य आहे, त्यांना ‘फळच तर आहे’ म्हणून कोण हिणवील?

जाऊबाईंच्या सूचनेला मीं घातक कां म्हटलें, त्याला केवळ पुस्तकी आधार नाहीं. १९७८ सालच्या मे महिन्यांत माझ्या मावसबहिणीचें लग्न ठरलें. मुलगी हुशार, देखणी, पण सांवळी. आणि नवऱ्याकडच्या एका बाईंनीं बोलण्याच्या ओघांत ‘रंगानें जरा उजवी असती तर’ असा एक सुस्कारा टाकला होता. तो सुस्कारा मावशीच्या घरांत आठ दिवस घुमत राहिला. मग कुणीतरी कच्च्या पपईचा चीक आणि लिंबाचा रस एकत्र करून तिच्या तोंडाला लावण्याचा उपाय सांगितला. तीन दिवस तो चालला. आणि लावून झाल्यावर ती मुलगी मागच्या अंगणांत उन्हांत बसून लग्नाचे तांदूळ निवडीत असे. चवथ्या दिवशीं तिचा चेहरा सुजला. गालांवर फोड आले, ते फुटले, आणि हळदीच्या दिवशीं हळद लावायला अख्खी कातडी अशी गळ्यावर आणि हातांवरच राहिली होती. लग्न झालें. फोड बरे झाले. परंतु त्यांच्या जागीं उठलेले तपकिरी डाग जायला वर्ष लागलें. पुढें कितीतरी दिवसांनीं ती मला म्हणाली, “गोरी होण्यासाठीं लावलें, आणि मूळची होतें त्याहून काळी होऊन बोहल्यावर चढलें. पण मला रडूं आलें तें डागांचें नव्हे. मी जशी होतें तशी कुणालाच पुरली नाहीं, त्याचें आलें.”

तिच्या चेहऱ्याचें जें झालें त्याचा उलगडा आज सहज होतो. चिकानें वरचा थर कोरला. लिंबाचा रस त्वचेच्या मानानें कितीतरी अधिक आंबट. त्यानें उघडी कातडी भाजली. शिवाय लिंबाच्या सालींत आणि रसांत अशीं द्रव्यें असतात, कीं तीं त्वचेवर असतांना ऊन्ह लागलें तर तेथें भाजल्यासारखे चट्टे उठतात. आणि आपल्या सांवळ्या, गव्हाळ कातडीचा स्वभाव असा, कीं तिला कोठेंही दाह झाला कीं बरी होतांना ती तेथें अधिक रंग भरते. म्हणजे गोरेपणासाठीं जेवढें ओरबाडावें तेवढी ती काळवंडते.

मुळांत विकरांनीं रंग उजळेल ही अपेक्षाच अस्थानीं आहे. जे पापुद्रे आपण काढतों ते सर्वांत वरचे. रंग निर्माण करणाऱ्या पेशी असतात त्या त्वचेच्या बाह्यावरणाच्या तळाशीं. त्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचें रंगद्रव्य तयार करतात ह्याचा, आणि तो ज्याच्या त्याच्या जन्माबरोबर ठरलेला असतो. कौलें झाडून काढलीं तर छप्पर स्वच्छ दिसेल. पण त्यामुळें घराच्या जोत्याचा दगड कांहीं बदलत नाहीं. आमच्या कोंकणांतला जांभा दगड तांबडाच राहतो, आणि त्यांत त्याला कमीपणा आहे असें कोणत्याही गवंड्याला वाटत नाहीं.

तरीही ह्या मोहाचा बाजार केवढा मोठा! १९७५ सालीं आपल्या देशांत ‘फेअर अँड लव्हली’ नांवाचें मलम विक्रीला आलें आणि घराघरांत पोंचलें. २०२० सालीं त्याच्या नांवांतला ‘फेअर’ हा शब्द काढून त्या जागीं ‘ग्लो’ घातला गेला. गोरेपणा गेला आणि तेज आलें. शब्द बदलला हें चांगलेंच झालें. पण बाटलीवरचा शब्द बदलणें कंपनीच्या हातीं असतें, माजघरांतले शब्द बदलणें आपल्या हातीं. वन्संनीं ‘रंग उजळेल’ म्हटलें तेव्हां त्यांच्या मनांत भाचीविषयीं प्रेमच होतें. पण त्या वाक्यांत न बोललेला एक अर्धा भाग होता, आणि मुलींना तो बरोबर ऐकूं येतो.

आमच्या घरीं अखेर जें ठरलें तें येथें सांगतें, कारण तें इतर घरांनाही उपयोगीं पडेल. चूर्ण प्रथम चेहऱ्याला न लावतां कोपराच्या आंतल्या बाजूला लावून, धुवून, दोन दिवस वाट पाहिली. खाज वा पुरळ आलें नाहीं, तेव्हां पुढें गेलों. ज्यांना रबराच्या हातमोज्यांनीं वा फुग्यांनीं पुरळ उठतें, अथवा पपई वा अननस खाल्ल्यानें त्रास होतो, त्यांनीं मात्र ह्या वाटेला जाऊंच नये. रबराचा चीक आणि पपईचा चीक यांचें वावडें पुष्कळदां जोडीनें येतें. रोज दोन वेळां हा वन्संचा हुकूम रद्द करून आठवड्यांतून एकदांच, आणि तेंही रात्रीं, असा नेम केला. चूर्ण आयत्या वेळीं तळहातावर पाण्यांत कालवावयाचें, डोळे आणि ओठ सोडून हलक्या हातानें पसरावयाचें, बाटलीवर सांगितलेल्या मिनिटांपेक्षां एकही मिनिट अधिक ठेवावयाचें नाहीं, आणि साध्या पाण्यानें धुवून वर साधें, बिनवासाचें मलम लावावयाचें. झोंबूं लागलें तर तत्काळ धुवावयाचें. ‘झोंबतें म्हणजे लागू पडतें’ ही समजूत औषधाच्या बाबतींत खोटी आणि त्वचेच्या बाबतींत घातक आहे. चिरलेली, खरचटलेली, उन्हानें करपलेली कातडी, पिकलेल्या पुटकुळ्या, इसब, आणि आमच्या वैशाखांत घरोघर असतें तें घामोळें, ह्यांवर तें लावावयाचें नाहीं. ज्या दिवशीं चूर्ण त्या दिवशीं उटणें नाहीं, लिंबू नाहीं, दुसरें कोणतें आम्ल नाहीं. दुसऱ्या दिवशीं बाहेर पडतांना छत्री आणि उन्हापासून रक्षण करणारें मलम, कारण नवी उघडी पडलेली कातडी उन्हाला हळवी असते. ओठांना आणि भेगाळलेल्या टांचांना कोकमाचें मुठेल पूर्वींप्रमाणेंच चालूं ठेवलें. त्याची बरोबरी करणारें त्या कामाला मला तरी कांहीं सांपडलेलें नाहीं. आणि एक नियम सासूबाईंनीं स्वतः घातला : घरांत कोणतेंही मंगल कार्य असो, त्याच्या आधीं पंधरा दिवस मुलीच्या तोंडाला नवीन कांहीं लावावयाचें नाहीं. कातडीला एका महिन्यानंतरही आराम पडला नाहीं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावयाचें, हें तर ओघानेंच आलें.

महिन्याभरानें मुक्तेच्या कपाळाची खरखर बरीच कमी झाली. तेवढाच त्या बाटलीचा अधिकार होता, आणि तेवढें काम तिनें केलें. पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यांत वन्संचा पुन्हा फोन आला. ह्या वेळीं मुक्तेनें तो माझ्या हातून घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “आत्या, तुझी बाटली चांगली आहे ग. कपाळ मऊ झालें. पण रंग होता तोच आहे, आणि तो तसाच राहणार आहे. त्या लोकांना हें तूं आधींच सांगून ठेव. ज्यांना तो चालत नसेल त्यांनीं उगाच मुंबईहून येण्याचा त्रास घेऊं नये.”

क्षणभर माजघरांत कुणीं बोललें नाहीं. मग सासूबाई म्हणाल्या, “बरोबर बोललीस.” त्यांनीं स्वतः चार सुनांना पाहून पसंत केलें आहे, आणि त्या पसंतीच्या वेळीं रंगाविषयीं काय काय बोललें गेलें होतें तें आम्हां चौघींनाही आठवतें, म्हणून त्या दोन शब्दांचें मोल मला अधिक वाटलें.

ते पाहुणे आले कीं नाहीं, आणि पुढें काय ठरलें, हा मुक्तेचा खाजगी प्रश्न आहे. तो येथें नको. मला सांगावयाचें आहे तें घरांतल्या वडील बायकांना. मुलींनीं आपली कातडी स्वच्छ, मऊ, निरोगी ठेवावी ह्यांत गैर कांहींच नाहीं. आपणही साय आणि डाळीचें पीठ घेऊन तेंच करीत आलों. त्यांच्या बाटलींत काय आहे तें समजून घ्यावें, कोणत्या मापानें वापरावें तें त्यांच्याबरोबर बसून वाचावें, आणि परसांतल्या फळाला साधें समजून त्याचा चीक त्यांच्या गालाला लावूं नये. मात्र हें सगळें त्यांच्या आरोग्यासाठीं करावें. कुणाच्या सुस्काऱ्यावर उतारा म्हणून करूं नये.